जळालेलं दिसतं, शिजलेलं दिसत नाही

धार जिल्ह्यात पीथमपूरजवळ एक रस्ता आहे, तो कोणत्याच गावाला जात नाही. ११.३ किलोमीटर धावून तो निघाल्या जागी परत येतो. ‘नॅट्रॅक्स’ या सरकारी वाहन चाचणी केंद्राचा हा अतिवेगाचा ट्रॅक जून २०२१मध्ये सुरू झाला. रुंदी १६ मीटर, लांबीत आशियात पहिला, आणि वळणावरसुद्धा ताशी ३७५ किलोमीटरचा वेग सोसेल अशी त्याची आखणी. तिथून इंदूर ओलांडून देवासला यावं, तर तिथे गजरा गिअर्स आहे आणि कमिन्सचा टर्बोचार्जरचा कारखानाही आहे. हा कारखाना पूर्वी टाटा हॉलसेट म्हणून ओळखला जाई. एकेकाळी धारला पवारांची गादी होती आणि देवासला त्याच पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या दोन गाद्या. आज हा पट्टा ट्रक, गिअर आणि टर्बोचा आहे.

वेगाची हौसही इथे जुनीच. शेजारच्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकेहून ड्युसेनबर्गची सांगाडा-इंजिन जोडी मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून हवी तशी बॉडी चढवून घेतली. सुपरचार्जर लावलेली ही गाडी ३२० अश्वशक्तीची होती. आजच्या भाषेत तीही ‘मॉडिफाइड’च. फरक इतकाच, की होळकरांचं काम त्या काळच्या सर्वोत्तम कारागिरांनी केलं. आज सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घ्यायची, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रिमॅप करायचा, मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर आणि मोकळा सायलेन्सर लावून ‘स्टेज टू’ झालं म्हणायचं, हे काम कोपऱ्यावरच्या दुकानात दोन दिवसांत होतं. वाढलेल्या अश्वशक्तीचा आकडा कागदावर मिळतो. वाढलेल्या उष्णतेचा आकडा कोणी देत नाही.

पेट्रोल इंजिन जोरात चालत असतं तेव्हा टर्बोच्या तोंडाशी येणारा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. टर्बाइनचं लोखंडी घर रात्री पाहिलं तर लाल दिसतं. इंजिन ऑइल साधारण ३०० अंशांच्या आगेमागे ठिणगीशिवाय, आपोआप पेटतं. पेट्रोल तर २५० ते २८० अंशांत पेटतं. त्यामुळे पेट्रोलच जास्त धोक्याचं असं वाटतं, पण बोनेटखाली हिशोब उलटा लागतो. तापल्या धातूवर पडलेलं पेट्रोल क्षणात उडून जातं आणि पंख्याच्या वाऱ्याने विरतं. ऑइल, ब्रेक फ्लुइड आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल मात्र चिकटून बसतात, धुमसतात आणि पेटतात. पेट्रोलची वाफ वाट बघते ती ठिणगीची. म्हणून इंजिनाच्या आगींत बरेचदा तेल सुरुवात करतं आणि पेट्रोल नंतर ती आग मोठी करतं.

धारजवळच्या मांडूला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. घाट चढताना टर्बो तापतो, पण समोरून वारा लागत असतो आणि आत तेल-पाणी फिरत असतं. वर पोचून फोटोसाठी गाडी बंद केली की वारा थांबतो, पंपही थांबतो, आणि टर्बोत साठलेली उष्णता आजूबाजूच्या पाइपांत, वायरींत शिरू लागते. पहिली काही मिनिटं बोनेटखालचं तापमान उतरत नाही, चढतं. ‘गाडी उभी होती, अचानक पेटली’ असं सांगितलं जातं तेव्हा त्या ‘अचानक’च्या मागे बहुधा हा काळ असतो.

आता फेरफारांकडे येऊ, कारण कारखान्यातून आलेली गाडी सहसा या उष्णतेसाठी तयार असते. मूळ टर्बोला तेल नेणारी नळी धातूची असते आणि तिला ठरलेल्या जागी पकड असते. मोठा टर्बो बसवताना ती जमत नाही, म्हणून जाळीदार होज लावतात. जाळी छान चकाकते, आत कोणतं रबर आहे ते दिसत नाही. ही होज टर्बाइनच्या घरापासून दोन बोटांवर लोंबत राहिली, की तीन-चार बार दाबाचं तेल आणि लाल धातू यांच्यात काही महिन्यांचंच अंतर उरतं.

पेट्रोलच्या होजचंही तसंच. कार्ब्युरेटरच्या काळातली कमी दाबाची होज आणि इंजेक्शनची होज बाहेरून सारखीच काळी. इंजेक्शनच्या होजवर ‘जे-३० आर-९’ असा छाप असतो आणि तो वाचूनच घ्यावी. त्यात २०२५पर्यंत देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल न सोसणारं रबर त्यात फुगतं, मग कडक होतं आणि क्लिपच्या खाली तडकतं. पिळायची पट्टी-क्लिप होजला कापते, इंजेक्शनसाठीची गुळगुळीत कडांची क्लिप कापत नाही. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नाही.

सर्वांत वाईट फेरफार मात्र दिसायला सर्वांत निरुपद्रवी असतो. मोठा पेट्रोल पंप लावताना त्याला थेट बॅटरीवरून, इग्निशनच्या चावीला जोडून सप्लाय देतात. मूळ रचनेत इंजिन फिरतंय असा सिग्नल असेपर्यंतच ईसीयू पंप चालू ठेवतो. इंजिन बंद पडलं की पंपही बंद. थेट जोडलेला पंप मात्र इंजिन मेलं, होज जळून तुटली, तरी चावी चालू असेपर्यंत आगीत पेट्रोल ओतत राहतो.

विजेचा हिशोब तर शाळेतला आहे. हेडलाइटमध्ये ६० वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब लावला तर १२ व्होल्टला करंट ५ अँपिअरवरून सव्वाआठच्या वर जातो. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे बल्ब पावणेदोनपटही नाही आणि वायरचा ताप जवळजवळ पावणेतीनपट. मग मूळ फ्यूज वारंवार उडतो, म्हणून त्या जागी जास्त अँपिअरचा घालतात. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतोच, तो वायरला वाचवायला असतो, आणि तोच काढून टाकला जातो. बॅटरी डिकीत हलवणं हाही स्पोर्ट्‌स कारवाल्यांचा आवडता उद्योग. वजनाचा तोल साधतो, मान्य. पण तिथून इंजिनापर्यंत येणारी जाड केबल पत्र्याच्या भोकातून जाते. बॅटरीपासून वीतभरात फ्यूज नसेल आणि भोकाला रबरी बूच नसेल, तर पत्र्याने केबल घासली त्या क्षणी शेकडो अँपिअर वाहू लागतात आणि अडवणारं काहीच नसतं.

एक्झॉस्टला गुंडाळायची पट्टी उष्णता रोखते हे खरं. पण तिच्यात तेल मुरलं की तीच वात बनते.

चुका फक्त गल्लीतल्या दुकानांच्या असतात असं मात्र नाही. २०१०मध्ये फेरारीच्या ४५८ इटालिया गाड्या पेटू लागल्या, तेव्हा दोष निघाला चाकाच्या कमानीतली उष्णतारोधक पट्टी चिकटवणाऱ्या गोंदात. तो तापून धुमसत होता. फेरारीने गोंद काढून तिथे रिव्हेट मारले. २०१४मध्ये पोर्शे ९११ जीटी-३च्या दोन गाड्या युरोपात जळाल्या. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ढिला पडून रॉडने इंजिनाचं कवच फोडलं आणि ऑइल बाहेर पडून पेटलं, असं निष्पन्न झालं. पोर्शेने विकलेल्या ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. २०१७मध्ये लॅम्बॉर्गिनीने अव्हेंटाडोर परत बोलावल्या, त्यात तर आपल्या विषयाचा थेट संबंध येतो. टाकी काठोकाठ भरलेली असताना पेट्रोल वाफेच्या नळ्यांत शिरू शकत होतं, आणि उभ्या गाडीचं इंजिन गुरगुरवत ठेवलं किंवा बाहेरचा सायलेन्सर बसवला तर धोका वाढत होता. आपल्याकडे टाटा नॅनोच्या काही गाड्या जळाल्या, तेव्हा २०१० साली कंपनीने सांगितलेल्या कारणांत बाहेरून जोडलेली विजेची उपकरणं आणि एक्झॉस्टवर राहून गेलेली परकी वस्तू यांचा समावेश होता. कंपनीने त्यानंतर जादा संरक्षण फुकट बसवून दिलं. नॅनोपासून अव्हेंटाडोरपर्यंत किंमत शेकडो पटींनी बदलते, आगीची कारणं बदलत नाहीत.

गाडी पेटली तर काय करायचं हे थोडक्यात. इंजिन बंद, चावी बंद, सगळे बाहेर आणि लांब, ११२ला फोन. बोनेट सताड उघडू नये. आत कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली की भडका उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. आतून लीव्हर ओढून बोनेट जेमतेम सैल झालं असेल, तर त्या फटीतून विझवणीचा फवारा मारावा. नाहीतर लांब उभं राहावं. २०२४च्या नाताळच्या रात्री मुंबईच्या कोस्टल रोडवर एक लॅम्बॉर्गिनी पेटली, तिचे व्हिडिओ देशाने पाहिले. कुणाला इजा झाली नाही, आणि महत्त्वाचं तेवढंच.

समजा, आग पाच-सात मिनिटांत विझली. बोनेटचा रंग फुगलाय, एका बाजूच्या वायरी वितळल्यात, सगळीकडे पिवळट पांढरी पावडर आहे. गाडी क्रेनने गॅरेजमध्ये आली. इथून खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक गॅरेजांत ते चुकीच्या टोकाने सुरू होतं: काय काय जळालं त्याची यादी करायची, तेवढं बदलायचं, गाडी चालू करून बघायची. जळालेलं ओळखायला मेकॅनिक लागत नाही. शिजलेलं ओळखायला लागतो. शिजलेला भाग जागेवर असतो, आकारात असतो, पुसला तर नव्यासारखा दिसतोही, फक्त त्याची ताकद गेलेली असते.

त्याआधी एक घाईचं काम. नेहमीच्या विझवणीतली एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. आगीच्या तापाने ती वितळून धातूवर चिकटते आणि हवेतला ओलावा शोषून आम्लधर्मी होते. ॲल्युमिनियम आणि कनेक्टरच्या पिना ती हळूहळू खाते. भरीस भर म्हणजे वायरींच्या पीव्हीसी आवरणातून जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. त्याचं पाण्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं. उन्हाळ्यात थोडी उसंत मिळते, माळव्याच्या पावसाळ्यात मिळत नाही. आग न लागलेल्या बाजूच्या कनेक्टरवरसुद्धा आठवड्याभरात हिरवट थर दिसू लागतो. म्हणून आधी सुकी पावडर व्हॅक्यूमने ओढून घ्यायची, मग खाण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्याने पुसायचं, मग स्वच्छ पाणी, शेवटी कोरडी हवा. कनेक्टर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे. पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, त्याने पावडर आणखी आत जाते.

अडचण अशी, की विम्याचा सर्वेअर यायच्या आत गाडी धुतली तर पुरावा नष्ट केला असं होतं, आणि तो येईपर्यंत थांबलं तर गंज चढतो. यातून मार्ग एकच. त्याच दिवशी कंपनीला कळवायचं, सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढायचे, आणि धुण्याची लेखी परवानगी मागून ठेवायची.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या किती मेकॅनिकांना सांगितली जाते याची मला शंका आहे. इंजिनाच्या काही ऑइल सीलमध्ये फ्लोरिनयुक्त रबर असतं, आणि एसीच्या गॅसमध्येही फ्लोरिन असतो. ते जळाल्यावर हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं. काळा, चिकट डांबरासारखा अवशेष दिसला तर त्याला उघडा हात लावू नये. हे आम्ल कातडीवर लागताच जळजळत नाही, कित्येक तासांनी आत हाडापर्यंत दुखू लागतं. जाड रबरी हातमोजे, चष्मा, चुन्याचं पाणी, ही तयारी आधी हवी. आणि शंका आली तर थेट दवाखाना गाठायचा.

मग गाडी वाचायची. बोनेटखालची प्रत्येक वस्तू एक थर्मामीटर आहे. पॉलिप्रॉपिलीनची बाटली वितळली, म्हणजे तिथे १६० अंश तरी गाठले गेले. नायलॉनचा इनटेक मॅनिफोल्ड साधारण २६० अंशांना हार मानतो, तेव्हा तो शाबूत असेल तर त्याच्या आजूबाजूचं बरंचसं वाचलं असं धरता येतं. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट खाली झुकला किंवा थेंब होऊन गळला असेल, तर ५५० ते ६५० अंश झाले होते. तांबं १०८५ अंशांना वितळतं, आणि बोनेटच्या आगीत इतकं तापमान सहसा होत नाही. त्यामुळे एखाद्या वायरीच्या टोकाला तांब्याचा गोल मणी दिसला, तर तिथे शॉर्ट सर्किटचा आर्क पेटला होता असं समजायला जागा आहे. मात्र मणी म्हणजे गुन्हेगार सापडला असं नव्हे. आवरण जळाल्यानंतरही वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात. आग वर चढते, म्हणून जळाल्याच्या खुणांत सर्वांत खालचं टोक शोधायचं, आणि तिथे कोणतं तेल, कोणती होज, कोणती वायर होती ते पाहायचं. हा नकाशा कागदावर काढल्याशिवाय एकही पाना उचलू नये असं माझं मत आहे. कारण सापडलं नाही तर दुरुस्ती ही पुढच्या आगीची तयारी ठरते.

सिलिंडर हेड बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं असतं, आणि त्याची ताकद नुसत्या धातूत नसते, त्याला दिलेल्या उष्णता-प्रक्रियेत असते. ओतीव हेड साधारण ५४० अंशांना तापवून झटकन थंड करतात, मग १५० ते १८० अंशांत काही तास ठेवतात. त्यातून त्याला कडकपणा येतो. पुढे कधी ते २०० अंशांच्या बऱ्याच वर रेंगाळलं, तर तो कडकपणा उतरतो आणि पुन्हा येत नाही. मऊ पडलेलं हेड दिसायला सरळ असतं, पॅकिंग बदलून बसवलं तर बसतंही. काही हजार किलोमीटरनंतर बोल्टखाली दबतं आणि पॅकिंग परत उडतं. याची तपासणी सोपी आहे: हार्डनेस टेस्टरने हेडच्या आगीकडच्या आणि दूरच्या बाजूला मोजायचं आणि आकडे ताडून पाहायचे. देवास-पीथमपूर हा गिअर आणि उष्णता-प्रक्रियेचा पट्टा असल्याने हे यंत्र असलेलं वर्कशॉप शोधत फिरावं लागत नाही. त्याबरोबर सपाटी तपासायची, आणि शंकेच्या जागी रंगद्रव्य मारून तडे पाहायचे.

दिलासा देणारी बाब अशी, की पाच-सात मिनिटांच्या आगीत इंजिनाचं पोट सहसा वाचतं. आत कूलंट असेपर्यंत ते उष्णता पीत राहतं. होज जळून कूलंट वाहून गेलं असेल तर मात्र हा भरवसा संपला.

पोलादाचं तापमान त्याच्या रंगावरून कळतं. तापताना त्यावर गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा थर येतो. कडक बोल्ट त्याहून वरच्या तापमानावर पाणी दिलेले असतात, म्हणजे निळा बोल्ट लगेच निकामी होतोच असं नाही. पण स्टिअरिंग, सस्पेन्शन किंवा ब्रेकचा बोल्ट निळा दिसत असेल तर तो काटकसरीचा विषय नव्हे. तोच नियम रबराला: आगीच्या बाजूचं सगळं रबर, बेल्ट, होज, बुश, ब्रेकचे पाइप, न पाहता बदलायचं. मास्टर सिलिंडर आणि एबीएसचा ठोकळा तापला असेल तर तोही. फायरवॉलच्या मागे एअरबॅगची वायरिंग आहे, तिच्याकडे कंपनीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कुणी हात करू नये.

सर्वांत जास्त तडजोड होते ती वायरिंगमध्ये. जळालेला तुकडा कापायचा, नवी वायर जोडायची, काळी टेप गुंडाळायची. पण आवरण जळतं तिथून वीतभर पुढपर्यंत तांबं आतल्या आत काळं पडलेलं असतं आणि मऊ झालेलं असतं. काळ्या तांब्यावर झालेल्या जोडाचा विरोध जास्त, म्हणून तो तापतो. वायर मागे मागे कापत जायचं, चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत. तसं पाचपेक्षा जास्त वायरींत करावं लागत असेल तर त्या भागाचा पूर्ण हार्नेस बदलणं स्वस्त पडतं. हजारो रुपये वाचवले म्हणून मिरवणारा जोड वर्षभराने धक्के देऊ लागतो, आणि मग गाडी कधी सुरू होते, कधी नाही, दोष सापडत नाही. नवी वायर घ्यायची तर इंजिनाजवळ १२५ अंश सोसणाऱ्या क्रॉसलिंक्ड आवरणाची, घरातल्या बोर्डाची पीव्हीसी नव्हे. जोड क्रिंप करायचे. सोल्डर केलेली वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने जोडाच्या काठाशी तुटते.

इंजिन सुरू करण्याआधी ते फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. विझवणीची पावडर इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेली असेल तर ती पॉलिश पेपरचं काम करते. आधी इनटेक पूर्ण उतरवायचा, स्पार्क प्लग काढून आत कॅमेऱ्याची नळी घालायची, ऑइल काढून त्यात पाणी नाही ना ते पाहायचं, मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट. टर्बोचा दांडा हाताने हलवून त्याला किती खेळ आहे ते पाहायचं. भर तापात बंद पडलेल्या टर्बोत तेल करपून कोळसा झालेलं असतं, त्यामुळे तेलाच्या नळ्या नव्याच घालाव्यात. पेट्रोलच्या लाइनला इंजिन बंद ठेवून, पंप चालवून, पूर्ण दाब द्यायचा आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघायचा. थेट इंजेक्शनच्या गाडीत मात्र उच्च दाबाची बाजू, जिथे दाब १५० बारच्या पुढे असतो, तिचे पाइप काढले की नवेच घालायचे. तिथे गळती बोटाने चाचपणं म्हणजे बोटात पेट्रोल टोचून घेणं.

पहिल्यांदा इंजिन सुरू होईल तेव्हा बोनेट काढलेलं असावं, दुसरा माणूस विझवणी घेऊन उभा असावा आणि पंपाचा स्विच हाताशी असावा. गाडी पूर्ण तापवून बंद करायची आणि मांडूच्या फोटोवाल्यांची ती दहा मिनिटं मुद्दाम उभं राहून पाहायची. इन्फ्रारेड थर्मामीटरचा उपयोग होतो, पण चकचकीत धातूवर तो तापमान कमी दाखवतो. काळ्या टेपचा किंवा उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका करून त्यावर रोखावा.

राहिला पैशाचा प्रश्न. मोटार विम्याच्या पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेटणं या गोष्टी येतात. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. जुन्या स्पोर्ट्‌स कारचा हार्नेस, ईसीयू आणि टर्बो मिळून ही रेषा लवकर ओलांडली जाते, आणि तेव्हा भावनेपोटी गाडी ठेवू नये. पण हे सगळं फेरफार कळवले असतील तर. न कळवलेल्या रिमॅपवर किंवा टर्बोवर बोट ठेवून दावा फेटाळला जाऊ शकतो. कायदाही मालकाच्या बाजूचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जळालेल्या इंजिनाच्या जागी दुसरं बसवायचं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिनाच्या नंबराची नोंद लागते.

म्हणून आगीतून उठलेल्या गाडीची बांधणी मूळ रचनेच्या जवळ नेणं हाच माझ्या मते शहाणपणाचा सौदा आहे. वेग हवाच असेल तर ती गाडी रस्त्याची ठेवू नका, ट्रॅकची करा, आणि तिथल्या नियमांप्रमाणे आत बसवलेली विझवणी यंत्रणा आणि बॅटरी तोडणारा बाहेरचा स्विच लावा. रस्त्यावरच चालवायची असेल तर मूळ धातूची तेलनळी परत बसवा, पंप ईसीयूच्या ताब्यात द्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला. आयएसआय मार्कची दोन किलोची विझवणी डिकीत नव्हे, ड्रायव्हरच्या सीटखाली पट्ट्याने बांधून ठेवा, आणि तिच्यावरची तारीख दरवर्षी विम्याच्या नूतनीकरणाच्या दिवशी बघा. त्याच दिवशी, गाडीत काही बदललं असेल तर ते विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या.